श्वास न घेणारं गाढव

अप्पांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला, घसरलेला चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "गाढव नुसतं श्वास सोडतंय बे. घेतंय कुठं?"

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तीन आठवडे खपून केलेला तुकडा मी पहिल्यांदा कुणाला तरी ऐकवत होतो. दिवसा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायचे आणि रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडून आवाजांशी खेळत बसायचं, हा माझा गेल्या काही वर्षांचा क्रम. त्यातून पैसे मिळतात असं नाही. कधी एखादी एकांकिका, कधी गणपती मंडळाचा देखावा. या वेळी बालनाट्य होतं.

मला वाटलं अप्पा चेष्टा करतायत. म्हटलं, "परत ऐका."

त्यांनी परत ऐकलं. परत तेच. "हॉ, हॉ, हॉ करतंय. दमा झाल्यागत."

मग माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात येऊनही मी ते सोडून दिलं. अप्पांचा डावा कान पार गेलाय. लहानपणी तो फुटायचा, त्यावर पुढं अडतीस वर्षं यंत्रमागाचा खडखडाट. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला होता, डावीकडची रेघ थेट तळाला. आता ज्याला एकाच कानानं ऐकू येतं त्याला मी स्टिरिओ तुकडा ऐकवायला गेलो, चूक माझीच, असं म्हणून मी लॅपटॉप मिटला.

गाढवाचं सांगतो. सुट्टीत पोरांची नाटकं बसवणारे एक सर आमच्या ओळखीचे आहेत. त्यांच्या या नाटकात वीटभट्टीवरचं गाढव पळून जातं आणि गावातली पोरं त्याला हुडकत फिरतात. गोष्ट एवढीच, पाऊण तासाची. सरांनी सांगितलं, "गाणी पोरं म्हणतील, पण मधलं सगळं संगीत जनावरांच्या आवाजाचं पाहिजे. ढोलकी नको, बासरी नको." असं काम सांगणारा माणूस भेटला की मी पैशाचं विचारायचं विसरतो.

गाढव ओरडताना तुम्ही कधी जवळ उभे राहिला असाल तर आठवून बघा. आपण माणसं बोलतो ते श्वास सोडताना. गाढवाचा आवाज आत ओढतानाही निघतो आणि बाहेर टाकतानाही. ‘ही’ आत, ‘हॉ’ बाहेर. अकॉर्डियनचा भाता उघडताना वाजतो आणि मिटतानाही वाजतो, तसं. त्यातला ‘ही’ बारीक, चिरका, कडी न घातलेलं दार वाऱ्यानं करकरावं तसा. ‘हॉ’ मात्र पोटातून. तुळजापूर रोडच्या पुढं एका वीटभट्टीवर मी दोन सकाळी बसून हे रेकॉर्ड केलं. भट्टीवाला म्हणाला, "सोलापुरात माणसं संपली काय?"

घरी येऊन मी ‘ही’ आणि ‘हॉ’ कापून वेगळे केले. ‘ही’ पूर्ण डावीकडं टाकला, ‘हॉ’ पूर्ण उजवीकडं. त्याला ठेका दिला. ही, हॉ, ही, हॉ. हेडफोनमध्ये ते या कानातून त्या कानात असं काही पळायला लागलं की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

हे सुचलं कुठून, ते मला नीट ठाऊक आहे. आमचं घर पूर्व भागातलं. खाली चार माग, वर आम्ही. मजुरीवर टॉवेल विणायचे. यंत्रमागावर धोटा या टोकाच्या पेटीतून त्या टोकाच्या पेटीत जातो, ताण्याच्या मधून बाण्याचं सूत ओढत. टोकाला त्याला लाकडी दांडा फटका मारतो. खटाक डावीकडं, खटाक उजवीकडं, मिनिटाला शंभराच्या वर. चार मागांचे चार ठेके, एकही दुसऱ्याशी जुळणारा नाही. मी वर पडल्या पडल्या डोळे मिटून सांगू शकायचो की दारापासचा दोन नंबरचा माग थांबलाय, कांडी संपली असणार. डावं-उजवं, लांबचं-जवळचं हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकलो नाही. झोप लागेपर्यंत कानावर पडायचं. ते माग आता नाहीत, भंगारात गेले. खाली भाड्यानं मोबाइलचं सामान विकणारा बसतो.

जनावरांच्या आवाजाचा नाद मात्र चिडचिडीतून लागला. कॉलेजात असताना मी एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. कीबोर्डवर जनरल मिडी नावाची यादी असते, १९९१ साली सगळ्या कंपन्यांसाठी ठरलेली. १२८ आवाज. पियानोपासून सुरू होते आणि शेवटाकडं जाता जाता बिचारी थकते. १२३ ला समुद्राची लाट, १२४ ला पाखरू, १२५ टेलिफोनची घंटी, १२६ हेलिकॉप्टर, १२७ टाळ्या आणि १२८ बंदूक. ते १२४ नंबरचं पाखरू मी इतक्यांदा वाजवलंय की विचारू नका. भूपाळी असो, लग्नाची सनई असो, नाटकातली पहाट असो, दाबा १२४. सोलापूर जिल्ह्यात त्या एका पाखरानं किती पहाटा उगवल्या असतील! एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं कार्यक्रम झाल्यावर विचारलं, "हे पाखरू कुठल्या गावचं? आमच्यात नाही असलं." त्याचं बरोबर होतं. त्यानंतर मी ते बटण दाबलेलं नाही.

हातात मावणारा रेकॉर्डर घेतला, वर दोन माइक असलेला. ते माइक एकमेकांवर फुली केल्यासारखे, नव्वद अंशांत बसवलेले असतात. दोघांची टोकं एकाच जागी असल्यामुळं आवाज दोघांपर्यंत एकाच वेळी पोचतो. फरक पडतो तो फक्त मोठं-बारीक ऐकू येण्यात. याचं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं, पुढं कळलं. रेकॉर्डरवर घालायला बाजारात केसाळ टोपी मिळते, वारं अडवायला. मी आईच्या जुन्या लोकरी मफलरची शिवून घेतली. सोलापूरच्या माळावर टोपीशिवाय रेकॉर्डिंग केलं की हाती नुसतं ‘भुर्र’ लागतं.

माळ म्हणजे बार्शी रोडचा, नान्नजकडचा. तिथं १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं, २०१२ मध्ये सव्वाबाराशेवर आणलं. माळढोक त्याहून जोरात आटले. नर विणीच्या काळात गळ्याची पिशवी फुगवून खर्जात हुंकारतो आणि तो हुंकार माळावर लांबपर्यंत जातो, हे ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडून मी ऐकलंय. मला नाही मिळाला. इंटरनेटवर त्याचं रेकॉर्डिंग सापडतं, पण ते उचलून नाटकात घालायला मन झालं नाही. ज्या हुंकारासाठी माळ राखला, तो पोरांनी माझ्या लॅपटॉपमधून पहिल्यांदा ऐकावा, हे मला कसंतरीच वाटलं. मी अभयारण्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभा राहून जे आलं ते घेतलं. चंडोल मिळाले, तित्तिर मिळाला आणि टिटवी तर न बोलावता येतेच. (मोबाइलवर पक्ष्याचाच आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणारे असतात. ते करू नये. त्याला वाटतं दुसरा कोणी हद्दीत घुसला, आणि तो आपली अंडी सोडून भांडायला येतो.)

टिटवीनं मला एक गोष्ट शिकवली. ती माझ्या डोक्यावरून ओरडत डावीकडून उजवीकडं गेली, आणि रेकॉर्डिंगमध्ये येताना तिचा सूर चढा, जाताना उतरलेला. गाडीचा हॉर्न बाजूनं जाताना उतरतो तेच. सेकंदाला दहा मीटरनं उडणारा पक्षी अंगावर येताना साधारण पाव स्वर वर लागतो आणि जाताना तेवढाच खाली, म्हणजे सगळा मिळून अर्ध्या स्वराचा फरक. नुसतं पॅनचं, म्हणजे आवाज कुठल्या बाजूला ते ठरवणारं बटण डावीकडून उजवीकडं फिरवून टिटवी उडत नाही, सरकते. उडवायची असेल तर सूरही ढळला पाहिजे.

दुसरी गोष्ट चुकून शिकलो. टिटवी लांबची वाटावी म्हणून मी तिच्यावर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा टाकला. सगळे तेच करतात. ऐकलं तर टिटवी मंगल कार्यालयात अडकली होती. माळावर भिंतच नाही, घुमणार कशावर? तिथं लांबचा आवाज लांबचा वाटतो तो दोन कारणांनी. एक, अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. दोन, जितकं अंतर जास्त तितकी हवा त्यातली बारीक, चिरकी धार खाऊन टाकते आणि नुसता गाभा पोचतो. तेव्हा रिव्हर्ब काढला, वरची धार घासली, आवाज ६-६ डेसिबलनं उतरवत नेला. टिटवी माळावर परत गेली. विहिरीतल्या पारव्याला मात्र मी घुमवला, त्याचा तो हक्कच.

नाटकात एक गाणं सात स्वरांचं होतं. सरांच्या डोक्यातली कल्पना जुनीच, पण नामी. आपल्या शास्त्रात एकेका स्वराला एकेक प्राणी दिलेला आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात बसून तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं संगीताचा जो ग्रंथ लिहिला त्यातली यादी अशी: षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा, धैवत बेडकाचा, निषाद हत्तीचा. त्याहून जुन्या ‘नारदीय शिक्षा’ या ग्रंथात ऋषभाला गाय आहे आणि धैवताला घोडा. म्हणजे पंडितांतही बेडूक की घोडा यावर मतभेद. मी घोडा घेतला नाही. बेडूक घेतला, कारण तो पावसाळ्यात आमच्या गल्लीतच असतो.

बोकड नव्हता, पण शेजारच्या मावशींची शेळी होती. तिला तंबोऱ्याचं ॲप लावून तपासलं. ती हार्मोनियमच्या पांढरी चार आणि काळी तीनच्या मधेच कुठंतरी लागते, आणि एका ‘बें’मध्ये एवढे हेलकावे घेते की गमकच म्हणावी. ते गांधार आहे का? सा कुठला धरायचा ते शेळी सांगत नाही, त्यामुळं शार्ङ्गदेवाला खोटं पाडता येत नाही. मी तिच्याच आवाजाला ग धरून खालचा सा काढला आणि बाकी सहा जणांना तिच्याशी जुळवलं. कोकीळ सगळ्यांत अडेल. तो एका स्वरावर उभाच राहत नाही, प्रत्येक ‘कुहू’ला वर सरकतो. त्याचा एकच ‘हू’ कापून घ्यावा लागला. हत्तीची पंचाईत होती. शेवटी रेडकाचं हंबरणं घेतलं आणि निम्म्या वेगानं वाजवलं. सूर एक सप्तक खाली येतो, लांबी दुप्पट होते आणि जनावर आकारानं वाढतं. पोरांनी ऐकल्या ऐकल्या "हत्ती!" म्हटलं. रेडकाला कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

पॅनिंगचं थोडं सांगतो, कारण घोळ तिथंच झाला.

मिडीत, म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या भाषेत, पॅनचा कंट्रोल दहा नंबरचा. शून्य म्हणजे पार डावीकडं, १२७ म्हणजे पार उजवीकडं, ६४ मधोमध. दिसायला तराजूचा काटा. पण हा काटा फिरवला की नेमकं काय होतं? एका स्पीकरचा आवाज वाढतो, दुसऱ्याचा घटतो. बस. आपला कान मात्र एवढ्यावर चालत नाही. डावीकडं गाढव ओरडलं तर तो आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, डोक्याला वळसा घालून उजव्या कानाला साधारण ०.६ मिलिसेकंद उशिरा. शिवाय डोकं मध्ये आडवं येतं, त्याची सावली पडते, त्यामुळं उजव्या कानाला तो थोडा बारीक आणि बोथट लागतो. जाड आवाजाची दिशा मेंदू वेळेवरून ओळखतो, बारीक आवाजाची सावलीवरून. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये हे मांडलं. पुढं १९३१ मध्ये ॲलन ब्लमलाइन यानं स्टिरिओचं पेटंट मागितलं. असं सांगतात की तो बायकोबरोबर सिनेमाला गेला होता आणि पडद्यावर नट एका कडेला असताना आवाज भलतीकडून येतो, याचा त्याला राग आला. मला हा माणूस आवडतो. सिनेमा बघून चिडणारे आपल्याकडं पुष्कळ, पेटंट मागणारा तो एकटा.

या बटणाचा पहिला फटका मला गाढवाच्या चालीत बसला. प्रसंग असा की गाढव रंगमंचाच्या डाव्या कडेनं येतं, सावकाश चालत उजवीकडं जातं, नुसत्या टापा आणि घंटा. मी पॅन ० पासून १२७ पर्यंत सरळ रेघेत फिरवला. ऐकलं तर गाढव कडेनं येतंय, मधोमध आल्यावर एकदम अंगावर धावतंय आणि परत लांब पळतंय. कारण साधं. माझ्या सॉफ्टवेअरच्या त्या सेटिंगमध्ये मधोमध असताना दोन्ही स्पीकर पूर्ण जोरात वाजत होते, म्हणजे दोन गाढवं. मधे असताना दोन्हीकडचा आवाज ३ डेसिबलनं कमी करायचा, हा यावरचा जुना उपाय. पॅन लॉ म्हणतात त्याला. सेटिंग बदललं आणि गाढव सरळ रेषेत चाललं. एवढ्या यशानंतर माणूस हवेत जातो. मी ही-हॉचा ठेका बांधला तो त्याच रात्री. शेळीला तर मी आणखी एक युक्ती केली: डावीकडं जसाच्या तसा आवाज, उजवीकडं तोच १५ मिलिसेकंद उशिरा. एवढ्याशा उशिरानं प्रतिध्वनी ऐकू येत नाही, आवाज नुसता रुंद होतो. शेळी खोलीभर पसरली.

आणि मग रंगीत तालीम.

नाट्यगृहाचं नाव सांगत नाही. साउंडवाला भला माणूस होता, फक्त त्याच्या वायरचा एक जॅक निघालेला होता. मी मागं, शेवटच्या रांगेत बसलो, कारण सगळी मजा तिथून कळते असं कुठंतरी वाचलं होतं. दिवे गेले. पोरं दबक्या पावलांनी आली. गाढवाचा ठेका सुरू झाला.

"ही. ही. ही. ही."

एवढंच. ‘हॉ’ नाही. गाढव आत ओढत होतं, आत ओढत होतं आणि सोडायचं नावच घेत नव्हतं. पहिल्या रांगेत बसलेली, नाटकात काम नसलेली चार-पाच पोरं पोट धरून हसायला लागली. स्टेजवरचं गाढव झालेलं पोरगं हुशार, त्यानं गाल फुगवून श्वास कोंडून धरला आणि डोळे मोठे केले. सर माझ्याकडं वळून बघत होते. मी अंधारात आणखी खाली सरकलो.

लॅपटॉपची फक्त डावी बाजू मिक्सरला गेली होती. धावत जाऊन उजवी बाजू दुसऱ्या चॅनेलला लावली. आता गाढव श्वास घ्यायला-सोडायला लागलं, पण सभागृहाचे सगळे स्पीकर एकच आवाज वाजवणारे. डावं-उजवं दोन्ही मिसळून मधून. साउंडवाल्याला विचारलं तर म्हणाला, "स्टिरिओ लावला तर या कडेच्या पब्लिकला त्या कडेचं काय ऐकू येणार भाऊ? पैसे सगळ्यांनी सारखेच दिलेत की." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. आणि शेळी? पसरलेली शेळी मिसळल्यावर पिंपात तोंड घालून ओरडत होती. १५ मिलिसेकंदांनी मागं-पुढं असलेले दोन सारखे आवाज एकत्र आले की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात, काही दुप्पट होतात. तेच झालं. टिटवीला काही झालं नाही. फुलीच्या माइकनं, एकाच जागेवरून घेतलेली, त्यामुळं मिसळूनही ती शाबूत राहिली.

घरी परत येताना स्कूटरवर मला अप्पांचं गाढव आठवलं. त्यांना नुसता ‘हॉ’ ऐकू आला होता, सभागृहाला नुसता ‘ही’. एकाच गाढवाचे दोन तुकडे, दोघांकडं एकेक.

खरं खटकलं ते पुढच्या रविवारी. दुपारी गल्लीतून कुल्फीवाला गेला. अप्पा ओट्यावर बसले होते, गाडी त्यांच्या डावीकडून येत होती, बहिऱ्या बाजूनं. त्यांनी घंटी ऐकली. लगेच ऐकली. फक्त मान उजवीकडं वळवली, गाडी दिसली नाही म्हणून मग डावीकडं. म्हणजे कुठून आली ते कळत नाही, पण आवाज पूर्ण पोचतो, कारण डोक्याला वळसा घालून तो चांगल्या कानापर्यंत येतोच. मला हे लहानपणापासून माहीत आहे. त्यांना हाक मारायची तर त्यांच्या उजवीकडं जाऊन उभं राहायचं, नाहीतर ते भलतीकडं बघतात, हे घरातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. तरी त्या रात्री मी त्यांच्या कानालाच दोष दिला होता. वीटभट्टीवरचं खरं गाढव डावीकडं उभं राहून ओरडलं असतं तर अप्पांना ‘ही’ पण मिळाला असता, ‘हॉ’ पण. श्वास न घेणारं गाढव मी तयार केलं होतं. हेडफोनमध्ये पूर्ण डावीकडं टाकलेला आवाज उजव्या कानाला अजिबात पोचत नाही, आणि असा आवाज मी सोलापुरात कुठं ऐकलेला नाही. खालच्या मागाचा डावा खटाकसुद्धा दोन्ही कानांना ऐकू यायचा. धोटा पेटीत गेला म्हणून तो घरातून नाहीसा होत नव्हता.

मग सगळं उसवलं. ‘ही’ डावीकडंच ठेवला, पण उजवीकडं त्याची एक प्रत दिली, ०.६ मिलिसेकंद उशिरा, ९ डेसिबलनं कमी, वरची धार घासलेली. ‘हॉ’ला उलट. डोक्याची सावली हातानं शिवल्यासारखं. इतक्या हलक्या प्रतीमुळं मिसळल्यावरही फार बिघडत नाही. शेळीची १५ मिलिसेकंदांची चैन काढून टाकली आणि तिला एका जागी उभी केली. टापा, रेडकाचा हत्ती, खर्जातलं जे जे काही ते मधोमध आणलं. ही-हॉची गंमत नुसत्या डाव्या-उजव्यावर उभी होती, ती सुरावरही उभी केली. ‘ही’ दोन श्रुती चढवला, ‘हॉ’ला थोडा खालून उचलला, म्हणजे एकाच स्पीकरवर वाजलं तरी येणं-जाणं कळेल. सॉफ्टवेअरमध्ये सगळं मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र मिसळून ऐकायचं एक बटण असतं, दर वेळी ते दाबून बघायची सवय लावून घेतली. हेडफोनमधलं पळापळीचं गाढव यात थोडं मंदावलं, खोटं कशाला बोलू. मला ते पहिलंच जास्त आवडायचं. ती फाइल अजून ठेवलीय, वेगळ्या नावानं.

प्रयोगाच्या आदल्या रात्री अप्पांना परत बसवलं. आई म्हणाली, झोपू दे की त्यांना. त्यांनी हेडफोन घातला, डोळे मिटले. उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर हलायला लागली, खटाक-खटाक, माग बघायला उभे असताना हलायची तशी. गाढवाचा ठेका येऊन गेला. सात स्वरांचं गाणं आलं. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून होतो.

हेडफोन न काढताच ते जरा मोठ्यानं बोलले, हेडफोन घातलेली माणसं बोलतात तसं. "आता घेतंय श्वास."

"आणि बाकी?"

"बाकी बरंय. शेळी लई अंगावर येतीय बे. जरा लांब बांध."

मी शेळी ६ डेसिबल लांब बांधली.